बाहेरच्या खोलीतलं खारं पाणी

अमृतने घरात समुद्र आणून ठेवलाय, असं अवसरी बुद्रुकमध्ये लोक म्हणायचे. समुद्र म्हणजे बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी लोखंडी स्टँडवर ठेवलेली चार फुटी काचेची टाकी. अमृत मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. सहा-सात महिने जहाजावर, मग थोडे दिवस घरी. दोन हजार चार साली नव्या घराची फरशी बसली आणि त्याच रजेत तो मुंबईहून हे सगळं घेऊन आला. पांढरी वाळू, जांभळट दगड, दगडांना चिकटलेली मऊ प्रवाळं, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या मूठभर गोगलगाई. अख्खी आळी बघायला लोटली. अमृत काचेवर बोट ठेवून सांगायचा, "हे झाड नाही बरं का, हा जिवंत प्राणी आहे." लोक माना डोलवायचे. मग त्याची रजा संपली, तो बॅग उचलून निघून गेला, आणि समुद्र त्याच्या बायकोच्या गळ्यात पडला.

त्याची बायको आरती. ओतूरची, आईबापांची एकुलती एक. टाकीचं काम म्हणजे माशांना चिमूटभर खाणं टाकणं, असं गावाला वाटायचं. प्रत्यक्षात बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून मंचरहून फिल्टरच्या पाण्याचे जार आणायचे. त्यात मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, काच खरवडायची, वायरींवर चढलेलं मीठ पुसायचं. आणि वर वीज. त्या वर्षांत वीज गेली की आठ-आठ तास यायची नाही. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद झाला की टाकीतले जीव गुदमरायला लागायचे. इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरायचा. मग आरती स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलं पाणी काढायची आणि उंचावरून परत टाकीत सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. एका हाताने तांब्या आणि दुसऱ्या हाताने कानाला लावलेला फोन, नाहीतर ताटातली भाजी. तिच्या बोटांची पेरं खाऱ्या पाण्याने भेगाळली होती. मसाला वाटताना डोळ्यांत पाणी यायचं.

घरात दुसरं माणूस म्हणजे सासू, प्रयागबाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण टाकीसमोर खुर्ची टाकून ती तास न् तास बसायची. "टीव्हीपरीस हे बरं," म्हणायची. "ह्यात रडारड न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात टाकीत तपकिरी शेवाळ माजलं. दगड, वाळू, काच, सगळ्यावर लिबलिबीत थर. आरती रोज खरवडायची आणि दुसऱ्या दिवशी तो परत हजर. जहाजावरून अमृतचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं.

"हर्मिट क्रॅब सोड," तो म्हणाला. "शंखात राहणारे छोटे खेकडे असतात. पुण्याच्या दुकानदाराला मी सांगतो."

दुकानदाराने मंचरला येणाऱ्या एका टेम्पोवाल्याबरोबर पिशवी पाठवली. आत निळ्या पायांचे, बोराएवढे खेकडे. पाण्यात सोडण्याआधी आरतीने दुकानदाराला फोन लावला आणि सरळ विचारलं, "ह्यांचा फायदा काय ते कळलं. तोटा काय?"

दुकानदार हसला, पण त्याने नीट उत्तर दिलं. शेवाळ खातात, माशांचं उरलेलं खाणं खातात, वाळू उकरून मोकळी ठेवतात. पण त्यांना स्वतःचा शंख नसतो. अंग वाढलं की मोठा शंख लागतो. टाकीत रिकामे शंख नसतील तर ते जिवंत गोगलगाईला ओढून काढतात आणि तिचा शंख बळकावतात. "रिकामे शंख टाकून ठेवा मॅडम, जरा मोठे-मोठे. मग काही त्रास नाही."

खेकड्यांनी काम चोख केलं. दसरा यायच्या आत दगड धुतल्यासारखे झाले. प्रयागबाई तर हरखून गेली. एखादा खेकडा दगडावरून घसरून उताणा पडला की ती काचेवर टकटक करून म्हणायची, "ऊठ रं, ऊठ." आरतीलाही ते आवडले. खरवडण्यातून सुटका झाली होती. फक्त प्रत्येक फोनला ती अमृतला आठवण करायची, "येताना रिकामे शंख आणा. निरनिराळ्या मापाचे. तुम्ही एवढे समुद्र हिंडता, तिकडे मिळतील."

"आणतो गं."

दिवाळीला तो आला. बॅगेतून अत्तराची बाटली निघाली, चॉकलेटं निघाली, प्रयागबाईसाठी ब्लँकेट निघालं. शेवटी त्याने थर्माकोलचा एक खोका उघडला. आत पाण्याच्या पिशवीत मुठीपेक्षा मोठा शंख, आणि शंखातून बाहेर आलेले केसाळ तांबडे पाय. पायांवर पांढरे ठिपके.

"मुंबईच्या दुकानात बघितला आणि राहवलं नाही," अमृत म्हणाला.

"आणि रिकामे शंख?"

"अगं हो. राहिलंच ते."

आरती त्या तांबड्या खेकड्याकडे बघत राहिली. त्याची एक नांगी तिच्या अंगठ्यापेक्षा जाड होती. "हा शेवाळ खाणारा दिसत नाही," ती म्हणाली. "ह्याला आपली टाकी लहान आहे. दुकानदाराला विचारा तरी."

"दुकानदाराला काय विचारायचंय? टाकी माझी आहे." त्याने पिशवी सोडली. तांबडा खेकडा वाळूवर उतरला, आणि समोरचं प्रवाळ दगडावरून खाली ढकलून तिथे जाऊन बसला. अमृत मोठ्याने हसला. "बघ, जागा शोधली पठ्ठ्याने."

रजा संपवून तो गेला. मग जे व्हायचं ते व्हायला लागलं.

आधी गोगलगाई कमी झाल्या. एका दुपारी आरतीने स्वतः पाहिलं. एका निळ्या पायांच्या खेकड्याने गोगलगाईला उताणं केलं होतं आणि तो तिला नांगीने ओढून काढत होता. ती अर्धी बाहेर आली, मग पूर्ण. खेकडा आपला जुना शंख टाकून तिच्या शंखात शिरला. शंख आणा, असं ती दिवाळीआधीपासून सांगत होती. इतकं साधं काम होतं. टाकीसमोर उभी असताना तिला राग आला आणि तो कोणावर काढावा ते तिला कळत नव्हतं, कारण ज्याच्यावर काढायचा तो कुठल्यातरी बंदरात होता.

तांबड्याची गोष्ट वेगळीच. तो शंखासाठी मारत नव्हता, खायलाच मारत होता. गोगलगाई फोडून खायचा, छोट्या खेकड्यांना शंखातून उपसून खायचा. दगडांखाली घुसून दगड पाडायचा. आरती सकाळी उठून प्रवाळं जागच्या जागी लावायची आणि दुपारपर्यंत ती परत वाळूत पडलेली असायची. प्रवाळाची कितीतरी फुलं वाळूखाली दबून सडली.

प्रयागबाईने त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. "निघाला बघ आमचा पाटील फेरीला."

"आत्या, त्याचं कौतुक नका करू. तो सगळं खातोय."

"खाईल न्हाई तर काय करंल? त्याला प्वाट न्हाई का?"

"मग तुम्ही लावा त्याची पडलेली दगडं."

"तुझ्या नवऱ्यानं हौसंनं आणलाय," प्रयागबाई म्हणायची, आणि तिथे बोलणं संपायचं.

फोनवर अमृत म्हणायचा, "समुद्रात असंच असतं. निसर्ग आहे तो."

"ही चार फुटी टाकी आहे. ह्यात पळून जायला जागा नाही कोणाला."

"तू फार विचार करतेस."

फेब्रुवारीत आरतीचे वडील गेले. हौशीराम दुपारी कांद्याला पाणी देऊन घरी आले, पायरीवर बसले आणि बसल्या जागी कलंडले. आरती आणि प्रयागबाई जीप करून ओतूरला गेल्या. प्रयागबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी ती आली, आणि अंत्यविधी उरकल्यावर टाकीसाठी परत गेली. तिथून पुढे घरी ती एकटी.

सावडणं झालं त्या संध्याकाळी ओतूरच्या घरच्या फोनवर अमृतचा फोन आला. त्याने आधी नीट विचारपूस केली. मी भर समुद्रात आहे, येता येत नाही, म्हणाला. ते आरतीला माहीत होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मग तो म्हणाला, "टाकीला कसं करतेस? आईला तर धड दिसत नाही."

"त्या बघतायत जमेल तसं."

"तिला काय जमणार? तू उद्या जाऊन ये ना. ओतूर काही लांब नाही. दहाव्याला परत जा."

आरतीने रिसीव्हर कानाला धरून ठेवला. समोर तिची आई इंद्रायणी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्या हातांतल्या बांगड्या आदल्या दिवशी काढल्या होत्या आणि ती रिकामी मनगटं एकमेकांवर घासत होती. फोनमधलं तिला ऐकू गेलं असावं.

"जा बाई," इंद्रायणी म्हणाली. "जावई म्हणतायत तर जा. मी हाय इथं."

आरती गेली. ओतूरहून नारायणगाव, नारायणगावहून मंचर, मंचरहून जीपने अवसरी. सबंध रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिला एकच गोष्ट दिसत होती, ती मनगटं.

घरात वीज नव्हती. प्रयागबाई स्टुलावर बसून तांब्याने पाणी वर-खाली करत होती. साडी पुढून भिजलेली, डोळ्याला हिरवी पट्टी. "मी फिरवतेय गं तांब्या," ती म्हणाली. "पण आत काय चाललंय ते दिसंना मला. एकच मासा दिसतोय. दुसरा लपला असंल."

दुसरा लपला नव्हता. तांबडा खेकडा कोपऱ्यात बसला होता आणि त्याच्या नांगीत केशरी शेपूट होती. नुसती शेपूट.

आरतीने पिशवीही खाली ठेवली नाही. तिने कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि शंख धरून खेकडा बाहेर ओढला. त्याने तिचं बोट पकडलं. रक्त आलं, काचेवर ओघळलं. ती त्याला तसाच लोंबकळता मागच्या पडवीत घेऊन गेली आणि कापलेल्या निळ्या ड्रममध्ये टाकला.

"अगं, अमरतला इचार तरी!" प्रयागबाई मागून ओरडली.

"कशाला विचारू? त्यांनी मला विचारलं होतं?"

क्षणभर तिला वाटलं, विहिरीत फेकून द्यावा. गोड्या पाण्यात तासाभरात मेला असता. पण चूक खेकड्याची नव्हती. कोणीतरी त्याला उचलून ह्या टाकीत आणला होता. म्हणून तिने ड्रममध्ये खारं पाणी ओतलं, वीज आली की सुरू होईल असा जुना हवेचा पंप लावून ठेवला आणि सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. त्याला खायला घालावं लागतंय ह्याचाही तिला संताप आला. रडूही तेव्हाच आलं. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी रडली, ती त्या ड्रमशेजारी उकिडवी बसून.

अमृतचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. प्रयागबाईने तो उचलला, मासा गेल्याचं सांगून टाकलं आणि रिसीव्हर आरतीकडे दिला.

"ती जोडी मी स्वतः निवडली होती," तो म्हणाला. आवाजात खरंच दुःख होतं. "जरा लक्ष दिलं असतंस तर…"

"माझा बाप गेलाय."

"ते मला कळतंय गं, पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

आरतीने फोन ठेवला. आदळला नाही, नीट ठेवला. त्यानंतर अमृतचा फोन आला की ती उठून आत जायची. प्रयागबाई बोलायची. "आरती कुठे आहे?" तो विचारायचा. "हाय की घरात," प्रयागबाई म्हणायची, आणि आरतीकडे बघायची. आरती येत नसे.

पण टाकीचं काम तिने सोडलं नाही. तिची तिलाच चीड यायची, पण सोडलं नाही. दहावा-तेरावा उरकून परतताना ती ओझरच्या गणपतीला उतरली होती. तिथे देवळाबाहेर शंखशिंपल्यांची तोरणं विकायला असतात. तिने एक तोरण घेतलं, घरी येऊन दोरा कापला, शंख उकळून घेतले आणि वाळूवर पसरले. लहान, मध्यम, थोडे मोठे. उरलेल्या छोट्या खेकड्यांनी आठवडाभर ते हुंगल्यासारखं केलं, नांग्या आत घालून मापं घेतली, आणि एकेकाने घर बदललं. उरलेल्या गोगलगाईंच्या वाटेला त्यांतलं कोणी पुन्हा गेलं नाही. पडलेली प्रवाळं तिने दगडाला बारीक दोऱ्याने बांधली. ती हळूहळू चिकटली.

ह्या सगळ्याला फक्त एक तोरण लागलं होतं. आरतीला ते राहून राहून आठवायचं आणि राग नव्याने यायचा.

मे महिन्यात अमृत घरी आला. दारात प्रयागबाईच्या पाया पडला आणि सरळ टाकीकडे गेला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"एवढीच प्रवाळं राहिली?" तो म्हणाला. "आणि माझा मोठा हर्मिट?"

"मागे ड्रममध्ये आहे," आरती म्हणाली.

तो पडवीत गेला आणि खेकडा हातात घेऊन आला. शंखाखाली धरलेल्या हातातून पाणी फरशीवर गळत होतं. "असा ड्रममध्ये ठेवतात का? अंधारात? एवढा सुंदर जीव."

"तो टाकीत जाणार नाही."

"का?"

"त्याने मासा खाल्ला. गोगलगाई खाल्ल्या, छोटे खेकडे खाल्ले. मी दिवाळीलाच सांगितलं होतं."

"आता नीट खायला घालू. पोट भरलेलं असलं की करत नाही काही." तो टाकीकडे वळला आणि झाकण उचलायला लागला.

आरती टाकीच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. "तू तो टाकीत टाकून तर बघ," ती म्हणाली.

लग्नानंतर तिने त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. अमृतचा हात झाकणावरच राहिला. पंपाची तेवढी घरघर होती. मग तीही थांबली. वीज गेली होती.

इन्व्हर्टरने चीं करून आवाज काढला आणि तोही बंद पडला. त्याची बॅटरी एप्रिलमध्येच बसली होती. प्रयागबाईने फोनवर सांगितलं होतं, आणि अमृत म्हणाला होता, आल्यावर बघू.

प्रयागबाई खुर्चीतून उठली. तिने अमृतच्या हातातून खेकडा घेतला आणि पडवीत नेऊन ड्रममध्ये सोडला. परत येऊन कोनाड्यातला तांब्या काढून लेकाच्या हातात दिला.

"बस," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी फिरव. लाईट संध्याकाळी येती."

अमृतला वाटलं, आई गंमत करतेय. मग त्याने तिचं तोंड बघितलं आणि तो स्टुलावर बसला. पाणी वर काढायचं, उंचावरून सोडायचं. पहिल्यांदा जोरात करायला लागला. अर्ध्या तासात मंदावला. मे महिन्याच्या उन्हाने स्लॅब तापला होता, पंखा बंद. घाम नाकावरून टाकीत पडायला लागला तसा प्रयागबाई म्हणाली, "घाम पुस. त्यात मीठ येगळं."

आरती समोरच्या खाटेवर बसली. काहीही न करता. तिने त्या टाकीसमोर रिकाम्या हाताने बसून बघण्याची ती पहिलीच वेळ होती.

तासाभराने अमृत म्हणाला, "आरती, जरा घे ना. खांदा भरून आला."

"नाही."

"पाच मिनिटं."

"नाही म्हणाले ना. मला कोणी पाच मिनिटं दिली नव्हती."

"आई, तू तरी…"

"माझा डोळा दुखतोय," प्रयागबाई म्हणाली.

थोड्या वेळाने, तांब्या चालू ठेवून, पाण्याकडे बघतच अमृत बोलायला लागला. "तुम्हाला वाटतं मी तिकडे रोज समुद्र बघतो. मी खाली इंजिनात असतो. तिथे खिडकी नाही. तेलाचा वास, आणि आवाज इतका की कानांत बोळे घालावे लागतात. वर यावं तर अंधार झालेला असतो. महिनोन्महिने मला पाणी धड दिसत नाही. ही टाकी डोळ्यांपुढे आणायचो मी. केशरी जोडी कुठे असेल, मोठा कुठल्या दगडावर बसला असेल. म्हणून विचारायचो."

आरतीला ते खरं वाटलं. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं, कारण खरं असूनही तिचा राग तसूभर कमी होत नव्हता.

"हे मला आधी सांगायचं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर मी ह्या टाकीसाठी अजून मरमर केली असती. पण तुम्ही विचारायचात काय? मासे ठीक आहेत का. खारटपणा किती आहे. आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तुम्ही पंपाबद्दल विचारलंत. माझ्या बापाची राख गार झाली नव्हती तेव्हा मला आईजवळून उठवलंत. तिच्याजवळ दहाव्यापर्यंत तरी… ती एकटी होती हो. मी तिचं एकुलतं एक लेकरू. आणि मी कुठे होते? एका माशाची शेपूट बघत बसले होते."

अमृतचा हात थांबला.

"फिरव," प्रयागबाई म्हणाली. तिने पदराने चांगला डोळा पुसला.

तांब्या परत चालू झाला. मग अमृत म्हणाला, "बंद करून टाकतो ही टाकी. उद्या पुण्याच्या दुकानदाराला बोलावतो, सगळं घेऊन जा म्हणतो. सुटशील तू."

त्यावर आरती अशी उसळली की प्रयागबाई दचकली.

"परत तुम्हीच ठरवलंत! आणली तुम्ही, तांबडा आणला तुम्ही, आता बंदही तुम्हीच करणार? मी कोण आहे? ह्यातला एकेक जीव मी हाताने जगवलाय. ते बांधलेलं प्रवाळ बघा, त्याला नवीन फुटवा आलाय. तुम्हाला दिसला तरी का? आल्यापासून जे नाही तेच मोजताय."

अमृतने वाकून बघितलं. दोऱ्याच्या बाजूने हिरवी, बटणाएवढी नवी फुलं उघडली होती.

"मग काय करू?" तो म्हणाला. हे त्याने विचारलं होतं. बहुधा पहिल्यांदाच.

आरतीने सांगितलं. तांबडा पुण्याच्या दुकानदाराकडे परत जाईल, आणि अमृत स्वतः नेऊन देईल. त्याच्यासाठी मोठी, एकट्याची टाकी असलेला माणूस मिळाला तर बघा म्हणावं. छोटे खेकडे राहतील. त्यांचा उपयोग आहे, शेवाळ तेच खातात, पण आहेत त्यापेक्षा जास्त नकोत, आणि वाळूवर रिकामे शंख कायम हवेत. मासा एकटा आहे, त्याला जोडीदार आणायचा की नाही ते ती नंतर ठरवेल. इन्व्हर्टरची बॅटरी ह्या आठवड्यात. आणि ती स्वतः उद्या ओतूरला जाणार होती.

"किती दिवस?"

"आईला माझी गरज असेल तितके दिवस. तुमची रजा आहे. टाकी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच गेली. प्रयागबाईने तिच्याबरोबर इंद्रायणीसाठी शेतातल्या शेंगा दिल्या आणि जीपपर्यंत सोडायला आली. जीप सुटताना तिने खिडकीतून आत हात घालून आरतीच्या डोक्यावरून फिरवला.

अमृत झाकण लावलेल्या बादलीत तांबडा घेऊन एसटीने पुण्याला गेला. कंडक्टरने बादलीत काय आहे विचारलं, मग सगळ्या बसने विचारलं. पेठच्या घाटापर्यंत तो प्रत्येकाला झाकण उघडून दाखवत होता, त्यानंतर त्याने झोपेचं सोंग घेतलं, असं त्यानेच पुढे प्रयागबाईला सांगितलं.

पंधरवड्याने तो ओतूरला आला. न कळवता, सकाळच्या गाडीने. इंद्रायणी अंगणात धान्य निवडत होती. तो तिच्यासमोर खाली मातीतच बसला. "तेव्हा यायला जमलं नाही," म्हणाला. "आणि आरतीलाही राहू दिलं नाही. चुकलं माझं."

"समुद्रात व्हता तुमी," इंद्रायणी म्हणाली. "काय करणार." आणि जावई खाली बसलाय म्हणून ती सतरंजी आणायला उठली.

आरती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. इंद्रायणी आत आली तेव्हा हळूच म्हणाली, "आले ना जावई. कबूल केलं. झालं ना आता?"

"नाही झालं," आरती म्हणाली. "होईल का ते मलाही माहीत नाही."

तिने चुलीवरचा चहा गाळला, तीन कपांत ओतला, आणि ती बाहेर जाऊन सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसली.